चाकामागचं रबर

जूचंद्रला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, घरात माणसं किती हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की गाडी आहे का. नवऱ्यानं मोठ्या ऐटीत खिडकीतून खाली उभी केलेली मोटारसायकल दाखवली. घरमालक जिना उतरून खाली गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि तिथूनच मान वर करून म्हणाले, की खोली देता येणार नाही.

कारण असं, की नवऱ्यानं फॅशन म्हणून मागच्या चाकावरचा मडगार्ड कापून टाकला होता. तेव्हा पोरांमध्ये तशी टूमच होती. घरमालकांचं म्हणणं, ज्याला आपल्या मागून चालणाऱ्याची फिकीर नाही त्याला शेजाऱ्याची काय असणार. मी मुळात तापट, त्यात दिवसभर एजंटांच्या मागे हिंडून पाय सुजलेले. मी त्यांना सरळ सांगितलं, तुमची खोली तुम्हालाच लखलाभ. नवरा मवाळ. तो दुसऱ्या दिवशी नवा मडगार्ड बसवून गाडी पुन्हा दाखवायला घेऊन गेला आणि खोलीची किल्ली घेऊनच परत आला. असे आम्ही भाऊंचे भाडेकरू झालो. भाऊ त्यांना अख्खं गाव म्हणायचं, त्यांची मुलगीसुद्धा.

भाऊंची स्वतःची एक पिकअप होती. एके काळी तिच्यातून मिठागरातलं मीठ हायवेपर्यंत जायचं. पुढे मिठागरं बंद पडली, बांधांवर तिवरांची झाडी माजली, काही ठिकाणी भराव पडला, आणि भाऊंच्या हातात भाड्याच्या खोल्या आणि ती पिकअप एवढंच राहिलं. मग त्यांनी पिकअपवर लोखंडी सांगाडा चढवून ताडपत्री घातली, आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, दोरखंड, फावडं असा सगळा संसार मांडला आणि वर्षातून एकदा ते लांबच्या वाटेला लागू लागले. देवळं, थंड हवेची ठिकाणं यांच्यात त्यांना रस नव्हता. रस्ता जिथं संपतो तिथून पुढे त्यांना जायचं असे. जव्हारपलीकडची रानं, सुकलेली नदीपात्रं, कुठलीशी दगडी पठारं. परत आले की चाकांना लागलेली माती धुवायच्या आधी आम्हाला खाली बोलावून दाखवायचे. ही लाल इकडची, ही काळी तिकडची. माझ्या डोक्यात तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असायच्या.

पण गावात त्यांची ओळख होती ती चाकामागच्या रबरांमुळे. ट्रकच्या चाकामागे जे रबरी पट्टे लोंबतात, ज्यांना ड्रायव्हर लोक फ्लॅप म्हणतात, ते सगळ्या जगाच्या गाड्यांना बोल्ट मारून कायमचे बसवलेले असतात. भाऊंचे काढता-घालता यायचे. खडीच्या क्रशरवरचा टाकून दिलेला जाड पट्टा आणून त्यांनी ते स्वतः कापले होते. रबराला वरून लोखंडी पट्टी, पट्टीला भोकं, गाडीखाली वेल्डिंग करून घेतलेल्या खुंट्या आणि खुंटीतून आरपार जाणारी तारेची पिन. पिन ओढली की फ्लॅप हातात. चिखलाची नाही तर दगडधोंड्यांची वाट लागली की उतरायचं आणि चारही फ्लॅप काढून मागे टाकायचे. डांबर लागलं की उतरायचं आणि चारही परत अडकवायचे.

यामागचं शास्त्र ते भेटेल त्याला ऐकवायचे. चिखलात फ्लॅप ठेवला तर चाक आणि रबर यांच्यामध्ये चिकण माती गच्च बसते, आणि गाडी मागे घ्यायला जावं तर रबर चाकाखाली येऊन उपटून निघतं. उलट डांबरावर फ्लॅप नसला तर चाकाच्या खाचांत अडकलेले खडे वेगात सुटतात आणि मागच्याच्या अंगावर जातात. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण आमच्या गावाबाहेरचा रस्ता असा, की थोडं डांबर, मग खड्डे, मग चिखल, मग पुन्हा थोडं डांबर. दुसरा कोणी असता तर त्यानं रबरं एकदाची लावून ठेवली असती आणि सोडून दिलं असतं. भाऊ तेवढ्या तुकड्यात उतरायचे, गुडघे टेकायचे, पिना तोंडात धरायचे. मागे रिक्षा, डंपर, शाळेच्या व्हॅन यांची रांग लागायची, हॉर्नांचा नुसता कल्लोळ. भाऊ मान वर न करता म्हणायचे, "थांबा. मागं कोन हाय ते आपुनला दिसत नाय."

त्यांच्या पुतणीचं लग्न फुलपाड्याला होतं. हळदीचं सगळं सामान आणि घरातल्या बायका भाऊंच्या पिकअपमध्ये, आणि मीही त्यांत होते. मांडव घातला होता त्या पटांगणाच्या तोंडाशीच चिखल होता. भाऊ उतरले, फ्लॅप काढले, गाडी आत नेली. आत गेल्यावर कळलं की वाट चुकली, मांडव पुढच्या पटांगणात. पुन्हा बाहेर, पुन्हा डांबर, पुन्हा गुडघे टेकून चार फ्लॅप. मग पुढचं पटांगण, पुन्हा चिखल. नवरीची आत्या तोंडाला पदर लावून हसत होती, मुलाकडच्यांचे फोनवर फोन येत होते, आणि भाऊंच्या पांढऱ्या लेंग्याला गुडघ्यांवर दोन काळे गोल पडले होते. त्याच लेंग्यानं ते लग्नात वावरले. लोक हसले, तेही हसले. मला वाटलं, असतं एकेकाचं वेड, चालायचंच.

त्यांच्या मुलीला मी तोवर नीट बघितलं नव्हतं असंच म्हणायला हवं. रोज जिन्यात भेटायची. रंगीत काचेचा चष्मा, केसांची बट कायम डाव्या बाजूला पुढे ओढलेली. नायगावला तिचं झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. एकदा उन्हात चष्मा काढून ती घाम पुसत होती तेव्हा मी बघितलं, की तिचा डावा डोळा खोटा आहे.

आमच्या शेजारणीनं मग सगळं सांगितलं. मिठागरं चालू होती तेव्हाची गोष्ट. मिठाचा हंगाम सुरू झाला की तिकडचे सगळेच आपापल्या गाड्यांचे फ्लॅप काढून टाकायचे, कारण आगराच्या ओल्या बांधावर ते टिकायचेच नाहीत. काढलेले फ्लॅप झोपडीत पडून राहायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत लागायचे. मधले सगळे महिने त्याच गाड्या तशाच हायवेला ये-जा करायच्या. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं, बापजाद्यांपासून तसंच चाललेलं. भाऊंची गाडीही त्यातलीच एक.

मुलगी तेव्हा कॉलेजात होती. दुपारचा डबा घेऊन स्कूटरवर आगरात आली होती. परत निघाली तेव्हा भाऊही मीठ भरून निघाले होते. रस्त्यावर भरावाच्या डंपरांची रहदारी. एकटी पोर डंपरांमधून कशी जाईल या काळजीनं भाऊंनीच तिला सांगितलं, की इकडेतिकडे जाऊ नको, माझ्या गाडीच्या मागे मागे राहा. ती मागे राहिली. डांबर लागल्यावर भाऊंनी वेग घेतला, आणि चाकातून सुटलेला खडा तिच्या डोळ्यात गेला. भाऊंना ते कळलंसुद्धा नाही. ते बरेच पुढे गेले, आरशात स्कूटर दिसेना म्हणून थांबले, आणि मग चालत मागे आले.

जूचंद्रच्या रांगोळ्या बघायला दिवाळीत लांबून माणसं येतात. फोटो काढल्यासारखे चेहरे काढणारे कलाकार या गावात घरोघर आहेत, आणि ही मुलगी त्यांच्यातली नाव घेण्यासारखी होती. डोळा गेल्यावर तिनं एकदा प्रयत्न केला म्हणतात. पण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. चिमूट सोडायची एका जागी, रंग पडायचा दुसऱ्याच जागी. तिनं तो अर्धा चेहरा पायानं पुसला आणि नंतर रांगोळीला हात लावला नाही. लग्नाचं जमत आलं होतं तेही राहिलं. ते कोणाकडून राहिलं हे मी तिला कधी विचारलं नाही.

हे कळल्यावर भाऊंचं ते रस्त्यात गुडघे टेकणं मला बघवेनासं झालं. हॉर्न वाजवणाऱ्यांचा राग यायला लागला. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. मुलगी बापाचं सगळं करायची. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या, पेजेबरोबर सुका जवळा भाजून द्यायचा तो त्यांना आवडतो तसा. पण पिकअपमध्ये ती बसत नसे. बाजाराला रिक्षा, नातेवाइकांकडे बस. भाऊ लांबच्या प्रवासाला निघाले की आदल्या दिवशी पुढची शेजारची सीट ओल्या फडक्यानं पुसायचे, तिच्यावर धुतलेली चादर घालायचे आणि ओट्यावर येऊन उगाच खाकरायचे. ती म्हणायची, "दुकान बंद नाही ठेवता येत, भाऊ." मग ते एकटेच जायचे.

एकदा मी तिच्या दुकानात कागद काढायला गेले होते. गर्दी नव्हती. मी भीड सोडून विचारलं, की अजून राग आहे का. ती मशीनचं झाकण उघडं धरून उभी राहिली.

"राग नाहीये, वहिनी," ती म्हणाली. "पण राग नाही असं बोलले की त्यांचं सगळं संपणार. ते मोकळे होणार. मला रोज सकाळी आरसा असतोच ना."

मी पैसे दिले. कागद घेतले आणि आले.

भाऊंच्या मनात बरीच वर्षं एकच जागा होती. गुजरातेत कच्छच्या रणाच्या कडेला मीठ पिकतं, तिथं नजर जाईल तिथवर पांढरं, आणि त्या पांढऱ्यावरून गाडी चालवता येते असं त्यांनी मिठाच्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं. आपलं मीठ गेलं, निदान दुसऱ्याचं तरी बघावं, असं म्हणायचे. त्या वर्षी मुलीनं नेहमीसारखं नाही सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा हौशी, लगेच तयार. मी अशासाठी गेले, की या दोघांच्या हाती मला ना गाडी सोडवत होती ना स्टोव्ह. चादर घातलेल्या त्या सीटवर मीच बसले. गावाबाहेर पडेपर्यंत भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही.

जाताना त्यांनी नेहमीचा सगळा विधी पाळला. कच्ची वाट आली की फ्लॅप काढ, डांबर आलं की घाल. एक गोष्ट मला खटकली होती. सुरत मागे पडून बराच वेळ झाला होता तरी ते सारखे विचारायचे, सुरत कधी येणार. मी म्हटलं, म्हातारपण, शिवाय उन्हाचा त्रास.

रणाच्या कडेला पोचलो. शेवटचं डांबर संपलं तिथं त्यांनी चारही फ्लॅप काढले, झटकले, नीट एकावर एक ठेवले आणि गाडी आत घातली. पुढे खरंच काही नव्हतं. पांढरी, भेगाळलेली जमीन आणि मधूनच मीठ पिकवणाऱ्यांच्या झोपड्या. भाऊ उतरले, वाकून मिठाचा खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. तिथला मीठवाला मोठ्या आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघत होता. भाऊ म्हणाले, आमच्या मिठाला याच्यापेक्षा चव होती. मीठवाल्याला मराठी कळलं नाही हे बरं झालं, कारण त्यानं आम्हाला बशीतून चहा दिला.

संध्याकाळी नवरा फोटो काढायला लांब गेला होता. भाऊ पिकअपचा फाळका पाडून त्यावर बसले होते आणि मी स्टोव्हला पंप मारत होते. मला वाटलं ते मिठाचंच काही बोलतील.

"तिनी मना एक शिवी दिली असती ना, तरी मी सुटलू असतू," ते म्हणाले. "चा देते, जेवन देते, औषिध देते. समदा करते. पन ती गोष्ट कवा बोलतच नाय. मी वाट बगतंय. मरायच्या आदी एकदा बोलंल."

मी म्हटलं, बोलेल. त्या पांढऱ्या पसाऱ्यात तो पाठमोरा म्हातारा बघून मला त्या मुलीचा पहिल्यांदा राग आला, आणि लगेच तिच्या आरशाची आठवण येऊन तो राग गिळावाही लागला. दोघांच्या मध्ये उभं राहणं मोठं वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. नवरा मागे ताडपत्रीखाली आडवा झाला होता, मी पुढे. कच्ची वाट संपली, डांबर सुरू झालं आणि गाडी थांबली नाही. मला वाटलं, पुढे सावली बघून थांबतील. गाडीनं वेग घेतला. मी आरशात बघितलं तर मागे एक मोटारसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि दोघांच्या मध्ये एक लहान मूल.

"भाऊ, फ्लॅप राहिले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कोरं आश्चर्य होतं.

"कसले फ्लॅप?"

मी त्यांच्या दंडाला धरून गाडी थांबवायला लावली. मोटारसायकल आमच्या बाजूनं निघून गेली. त्या बाईनं जाता जाता मुलाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली, कोणाला काही झालं नव्हतं. भाऊ खाली उतरले, मागे गेले, चाकामागची रिकामी जागा त्यांनी हातानं चाचपली. मग हळूहळू त्यांना आठवलं असावं, कारण ते रस्त्याच्या कडेला मातीतच बसले आणि दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले. नवऱ्यानं फ्लॅप आणून लावले. त्याला पिना घालायला जमेना तेव्हाही भाऊ उठले नाहीत. त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि त्याच्यासमोर धरली. नवऱ्याकडे लायसन्स होतं पण हात बसलेला नव्हता, त्यामुळे आम्ही रडतखडत घरी पोचलो. वाटेत डांबर सुटलं आणि लागलं, पण कोणी उतरलं नाही. भाऊ शेजारच्या सीटवर डोळे मिटून होते.

घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं, चावीचं सांगितलं आणि भाऊ रणात काय म्हणाले तेही सांगितलं. ती कागदांना पिना मारत होती. एक गठ्ठा संपवला, दुसरा घेतला, आणि म्हणाली की मी बोलेन, पण माझ्या वेळेनं बोलेन. मला ते पटलं. इतकी वर्षं थांबलेली मुलगी, तिला आपण घाई कशी करायची?

वेळ मात्र भाऊंकडे नव्हता. आधी रस्ते गेले, मग भाडेकरूंची नावं, मग वार. डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच वाढत जाणार. काही दिवस मधूनच सगळं लख्ख आठवायचं आणि ते रडायचे, पण तेव्हा ती नेमकी दुकानात असायची. पिकअप अंगणात उभी राहून तिची चाकं बसली. मग एका रविवारी मुलगी त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली की भाऊ, त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती, माझ्या मनात काही नाही. तिनं हे मला स्वतः सांगितलं. सांगताना ती जिन्याच्या कठड्याचा रंग नखानं खरवडत होती. भाऊंनी तिचं सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि विचारलं, कसली चूक. ती म्हणाली, "मी उशीर केला, वहिनी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते खोटं झालं असतं.

हल्लीचीच गोष्ट. दुपारी मी भाजी घेऊन येत होते. ओट्यावर मुलगी भाऊंची नखं कापत बसली होती. घरीच होती म्हणून चष्मा काढून ठेवलेला, नखांवर नजर नीट पोचावी म्हणून चेहरा त्यांच्या हातापाशी अगदी खाली नेलेला. भाऊ तिच्याकडे निरखून बघत होते. अलीकडे ते माणसांकडे असं बघायचे, ओळख नसलेल्यांकडे बघावं तसं, पण मायेनं.

"पोरी," ते म्हणाले, "तुजे डोल्याला काय झाला?"

"खडा लागला."

"कोनी मारला?"

"कोणी नाही मारला. उडून लागला."

भाऊ अस्वस्थ झाले. हात सोडवून घेऊ लागले. ती तो धरून राहिली.

"तुजा बापूस कुठं होता तवा?"

नेलकटर थांबलं. मी दारात पिशवी धरून उभी होते.

"पुढे होता," ती म्हणाली. "मला घरी घेऊन चालला होता."

भाऊंनी हात सोडवायचं थांबवलं. मग त्यांचा चेहरा सैलावला.

"मंग त्याला बोल लावू नको," ते म्हणाले.

"नाही लावत."

त्यांनी मान डोलावली आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला.